पीएम रूममधलं कुंकू

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या... दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीही हसले असते. मी अकोल्यात नर्स आहे. वॉर्डात एखादीच्या अंगात आलं, की मी तिला मोठी सुई दाखवते. देव लगेच निघून जातो. असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता, आणि आजही 'आहे' म्हणायला जीभ रेटत नाही.

दर्यापूरहून येणारी भरलेली बस आणि डिझेलचा टँकर समोरासमोर धडकले आणि दोन्ही पेटले. दुपारपर्यंत आमच्या पीएम रूममध्ये, म्हणजे शवविच्छेदनाच्या खोलीत, प्रेतं ठेवायला जागा उरली नाही. काय सांगू... चेहरे नव्हतेच. फुटलेल्या कवट्या, आवळलेल्या मुठी, सीटच्या रेक्झिनला चिकटलेली कातडी. बाहेर नातेवाईक दारावर लाथा घालत होते. बायकांच्या प्रेतांसाठी मला वॉर्डातून तिथे बोलावलं होतं.

एका बाईच्या काळ्या ठिक्कर पायात चांदीची जोडवी होती. दर्यापूरचा सुधाकर, भाजी विकणारा माणूस, ती पाहून मटकन खाली बसला.

"हेच जोडवे. माह्या कुंदाचेच हायेत."

ओळख पटली, अॅम्ब्युलन्स दाराशी लागली. तेवढ्यात तो मला म्हणाला, "सिस्टर, सवाशीण गेली ते. आमच्या बायाईची आत यायची हिंमत होऊन नाई राहिली. तुमीच कुंकू लावून द्या."

त्याने दिलेल्या करंड्यातलं कुंकू मी बोटावर घेतलं, कपाळाजवळ नेलं — आणि कुणीतरी माझं मनगट धरलं. भास नाही. गच्च, पाची बोटांनी! पण माझ्या हाताजवळ कुणाचाच हात नव्हता. प्रेताचे हात चादरीत बांधलेले होते. मी मुळात तापट बाई, मला भीतीच्या आधी राग आला. दातओठ खात मी हात पुन्हा पुढे रेटला. मनगट असं पिरगाळलं गेलं, की हाड मोडल्याचा आवाज सुधाकरनेही ऐकला. करंडा उडून भिंतीवर आपटला.

"हे बाई नेऊ नका! नेऊ नका हिले!" मी किंचाळत सुटले. असं का म्हणाले, देव जाणे. सुधाकरसोबत आलेल्या त्याच्या भावाचं डोकंच फिरलं. त्याने माझी मानगूट धरून मला दारावर आदळलं. सोडवायला आलेल्या वॉर्डबॉयचा ओठ फाटला. डॉक्टर धावत आले. ही कुंदा नसेलच तर? भिंतीला टेकून मी सुधाकरला विचारलं, "तुमच्या बायकोचं कधी ऑपरेशन झालं होतं का?"

"झालं होतं न. मांडीत रॉड हाय तिच्या."

एक्सरे काढला. रॉड नव्हता. रॉड निघाला शेजारच्या स्ट्रेचरवरच्या बाईच्या मांडीत, जिच्या पायात काहीच नव्हतं.

ही बातमी बाहेर गेली, तशी अपघाताजवळच्या शेतातली एक म्हातारी गर्दीतून पुढे आली. प्रेतं उचलायला तिनेही हात लावला होता. "जोडवे मातीत पडून होते, बाई. मले वाटलं हिचेच हायेत. सवाशिणीले रिकाम्या पायानं कशी धाडू? म्हून मीच घातले." मला तिचा राग आला, आणि लगेच तिची दयाही आली.

पुढे डीएनए जुळला. आम्ही जिला चितेवर चढवणार होतो, ती अकोल्याची शबाना होती. तिचं दफन झाल्यावर तिची आई मला शोधत वॉर्डात आली. तिला कुणीतरी सगळं सांगितलं होतं. माझा प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन ती किती तरी वेळ कुरवाळत बसली.

"बहोत जोर से पकडी क्या उसने, सिस्टर? माफ कर दो उसको... आग से बहोत डरती थी. घर का चूल्हा भी मैंच जलाती थी."

हाड कशाने मोडलं, मला माहीत नाही. केसपेपरवर 'घसरून पडल्याने' लिहिलंय, आणि मी ते खोडायला लावलं नाही. दुसरं काय लिहिणार? पण त्या माउलीच्या तोंडावर मला 'घसरले' म्हणवेना.

"नाई हो, अम्मा," मी म्हटलं. "धीरे से पकडा था."