पासपोर्टच्या चौकशीतला निनावी अर्ज

नोकरीतले खून-दरोडे आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेलेत. कुठला कुठल्या साली झाला, विचारू नका. एक साधा निनावी अर्ज मात्र आजही ओळीन् ओळ आठवतो. त्यात ना मुडदा होता, ना मुद्देमाल. गुन्हा म्हणावा तर होता, आणि नाही म्हणावा तर नव्हता.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी दौंडला फौजदार होतो. बदल्यांना कंटाळून बायको मुलीला घेऊन माहेरी राहिली होती. मुलीची शाळा हे कारण लोकांना सांगायला बरं होतं. ठाण्यामागच्या क्वार्टरमध्ये मी, एक खाट, एक ट्रान्झिस्टर आणि खाणावळीचा डबा. दिवसभर माणसांच्या गराड्यात असलेला माणूस किती एकटा असू शकतो, हे फौजदाराला विचारावं.

त्या काळी आमच्या भागातून परदेशी कोण जाणार? पासपोर्टची चौकशी वर्षातून एखादी यायची. त्यामुळं पुण्याहून तो कागद आला तेव्हा हवालदारांनीही तो दोनदा वाचला. अर्जदार चोवीस वर्षांचा, शिरूरच्या गुरांच्या दवाखान्यात नोकरीला. एका थंड मुलुखातल्या शेतकरी कुटुंबात वर्षभर राहायचं, त्यांच्या गोठ्यात काम करायचं, आणि तिथल्या लोकांना आपल्या देशाची माहिती द्यायची, अशी ती योजना. तिला सांस्कृतिक देवाणघेवाण म्हणत. फॉर्ममध्ये एक प्रश्न होता : आपल्या देशाची कोणती कला यजमानांना दाखवाल? गड्यानं लिहिलं होतं, 'बुद्धवंदना म्हणतो, लेझीम खेळतो, आणि गाय अडली तर वासरू सोडवतो.' निवड करणाऱ्यांना बहुधा तिसरी कला आवडली असावी. शिरूर तालुक्यातून दोन नावं गेली होती आणि जागा एक होती. ती याला मिळाली.

मुलाचा कायमचा पत्ता दौंडचा, म्हणून चौकशी माझ्याकडं. वडील रेल्वेत फाटकवाले. दौंडहून पुण्याकडं जाताना पाटसच्या अलीकडं एक फाटक होतं, तिथल्या रेल्वेच्या खोलीत राहायचे. आई मुलाच्या लहानपणीच गेलेली. चौकशी म्हणजे काय, तर गुन्ह्यांचं रजिस्टर बघायचं, चार शेजाऱ्यांचे जबाब घ्यायचे आणि 'प्रतिकूल काही नाही' असं लिहून कागद पुढं ढकलायचा. पंधरा दिवसांची मुदत होती. ती टळली तर जागा दुसऱ्याला जाणार, असं पत्रात स्पष्ट लिहिलं होतं.

चौथ्या दिवशी टपालानं निनावी अर्ज आला. शिक्का दौंडचाच. 'सदर इसम दारू पितो, जुगार खेळतो, लोकांच्या अंगावर धावून जातो. अशा इसमास परदेशी धाडल्यास देशाची अब्रू जाईल. तसेच त्यास थंडी सोसत नाही.' खाली सही नाही. तारीख, आणि तारखेखाली '१६.४०' असा आकडा.

"जावक नंबर असंल," हवालदार म्हणाले.

"निनावी अर्जाला जावक नंबर?"

"सवय आसती सायेब एकेकाला."

आम्ही दोघं हसलो आणि तो आकडा सोडून दिला. संशयित तर समोरच होता. ज्याचा नंबर हुकला तो, शिरूरकडच्या एका बागायतदाराचा मुलगा. घरात ऊस, दारात ट्रॅक्टर, आणि जागा गेली फाटकवाल्याच्या पोराला. पोटात दुखणारच. दौंडचा शिक्काही मी सोयीनं बसवून घेतला. मुद्दाम इथं येऊन टाकलं असेल. एकदा संशय ठरला की पुरावा आपोआप त्याच बाजूला झुकतो, हे मला तोवर कळलेलं नव्हतं.

शिरूरच्या ठाण्यात त्याला बोलावून घेतलं. सकाळी दहाला बाकावर बसवला तो दुपारी तीनपर्यंत तसाच. ही आमची जुनी पद्धत. मारायचं नाही, विचारायचंही नाही, नुसतं बसवायचं. येणारा-जाणारा बघतो, माणूस आतून शिजत जातो. बाजारचा दिवस होता, त्यामुळं बघणारे पुष्कळ होते.

तीन वाजता आत घेतला आणि अर्ज मोठ्यानं वाचून दाखवला.

"सायेब, माझा नंबर मागं ऱ्हायला ह्याचं मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? दोन दिस जेवलो न्हाई. पन ह्यो अर्ज माझा न्हाई."

"मग कुणाचा?"

"ते मला काय ठावं? पन तुमीच परत वाचा की. दारू पितो, जुगार खेळतो, समदं ठीक हाय. आन् शेवटी काय? थंडी सोसत न्हाई! आवं, वैऱ्याला काय पडलंय त्याच्या थंडीचं? म्या म्हनंन, जाऊ दे, गारठून मरू दे."

मी कागद पुन्हा पाहिला. मला लाज वाटली. मी इतका वेळ आरोप वाचत होतो आणि या पोरानं माणूस वाचला होता. पोलीस माफी मागत नाहीत. मी चहा मागवला. तो प्यायला आणि गेला. त्याला ठाण्यात दिवसभर बसवल्याची गोष्ट त्याच्या ठरत आलेल्या सोयरिकीपर्यंत पोचली आणि ती मोडली, हे मला फार पुढं कळलं. चहाच्या कपानं ते भरून निघण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मोटारसायकल काढून फाटकावर गेलो. वडिलांचा जबाब तसाही घ्यायचाच होता. फाटकवाले मामा पन्नाशी ओलांडलेले, अंगानं वाळके, खाकी कपडे स्वच्छ धुतलेले. खोलीत बुद्धाची तसबीर, कोनाड्यात पोराची शाळेतली बक्षिसं, आणि टेबलावर फोनशेजारी रजिस्टर. फोन वाजला. स्टेशनातून गाडी सुटल्याचा निरोप. त्यांनी बाहेर जाऊन फाटक लावलं, गाडी काढून दिली, आत येऊन रजिस्टरात नोंद केली. गाडीचा नंबर, आणि पुढं '११.२५'. वरच्या ओळीत '१०.५०'. आदल्या दिवशीच्या पानावर '१६.१०', '१७.३५'. रेल्वेची वेळ चोवीस तासांची. आणि अक्षर तेच. वीस-बावीस वर्षं हातानं जे लिहिलं त्याची वेळ टाकली, म्हणून त्या अर्जावरही टाकली. स्वतःचं नाव लपवणारा माणूस वेळ लपवायचं विसरला होता.

मी खिशातला अर्ज काढून रजिस्टरावर ठेवला. मामांनी कागदाकडं बघितलं आणि स्टूल ओढून बसले.

"बेड्या घालनार का सायेब?"

"आधी सांगा, का केलंत?"

"काय सांगू? वस्तीतल्या किती आईबापांना म्या सांगितलंय, धाडा पोरं भायेर, शिकू द्या, रडत बसू नका. माझ्या सांगण्यावरनं चार पोरं पुण्या-मुंबईला गेली, नोकरीला लागली. विहारात ह्याचा सत्कार झाला तवा पयला हार म्याच घातला. आता कुठल्या तोंडानं म्हनू, माझं पोरगं तेवढं जाऊ नगं?"

"म्हणून त्याच्यावर असले आरोप?"

"तुमी चौकशी करनार, खोटं निघनार, ह्ये मला ठाव व्हतं. त्याला डाग लागनार नव्हता. निस्ता येळ गेला असता. गाडी ठेसनाभायेर आउटरला उभी ऱ्हाती, तसं. मुदत टळली असती आन् कुनी कुनाला बोल लावला नसता."

"वर्षाचा तर प्रश्न आहे, मामा."

"वरीस म्हनत्यात सायेब. आन् ज्यानं तिकडचं चांगलं बघितलं, त्यो ह्या फाटकावर माघारी कशाला यील?" त्यांनी दारातून रस्त्याकडं हात केला. "आठवड्याला शिरूरवरनं येतो त्यो. येष्टीनं उतरतो, चालत येतो. सुट्टीच्या दिशी म्या दुपारपासनं रस्त्याकडं बघतो. तेवढंच हाय मला."

सरकारी नोकराला खोटी माहिती दिली म्हणून कलम १८२ लागत होतं. लावलं असतं तर त्यांची नोकरी गेली असती आणि मुलाच्या कागदावर कायमची रेघ पडली असती. मी लावलं नाही. दिवसभर त्या खोलीत गाड्यांखेरीज कुणी येत नाही, हे मी एका तासात पाहिलं होतं, आणि माझी खोली त्याहून फार वेगळी नव्हती. अहवालात लिहिलं : 'निनावी अर्जात तथ्य आढळून आले नाही. अर्ज दप्तरी दाखल.'

निघताना मामांनी हात जोडले. "पोराला सांगू नका."

"नाही सांगणार."

दोन दिवसांनी मुलगा जबाबावर सही करायला ठाण्यात आला. उंच, शांत, नखांत औषधाचे डाग. सही केली, पण उठेना.

"सायेब, अर्ज आबांचा हाय न्हवं?"

मी फाइल चाळू लागलो. शिरूरचा तो दुसरा पोरगा दवाखान्यात जाऊन त्याला सगळं सांगून आला होता. रागानं गेला होता, पण दोघं शेवटी हसले म्हणे.

"थंडीचं आयकलं आन् मला उमगलं. ल्हानपनी मला दमा व्हता. आबा रातभर छातीला तेल चोळायचे." त्यानं पेनचं टोपण लावलं. "सायेब, त्यांनी एकदा म्हनायचं व्हतं, बाळा, ऱ्हा. म्या फारम फाडून टाकला असता. त्यांनी सरकारला सांगितलं, मला न्हाई सांगितलं."

"मग तू विचार त्यांना."

"म्या कसं इचारू? मला ठाव हाय ह्ये त्यास्नी कळलं तर मान खाली जाईल त्यांची. त्यांनी कवाच कुनापुढं मान खाली घातली न्हाई. तुमी बी सांगू नका."

त्यालाही मी शब्द दिला.

पुढचं आधीच सांगून टाकतो. एका वर्षाची दोन झाली, मग तिथंच नोकरी, तिथंच लग्न. पत्रं यायची, फोटो यायचे. मामा निवृत्त होऊन वस्तीत राहायला गेले आणि काही वर्षांनी वारले. मुलगा पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तेव्हा माझी बदली दुसऱ्या जिल्ह्यात झालेली होती. हवालदारांच्या पत्रातून कळलं.

पोलिसाच्या धंद्यात पोटात ठेवणं हा गुण समजतात. मीही तसंच समजत होतो. कुणाचं काय उघडायचं आणि कुणाचं काय झाकायचं, हे कलमं शिकवत नाहीत. या प्रकरणात मी गुन्हा झाकला ते बरंच केलं. पण त्याच्याबरोबर जे झाकलं, त्यात कुणाचाच गुन्हा नव्हता.

मुलगा निघाला तो दिवस सांगायचा राहिला. वस्तीतले सगळे हार घेऊन दौंड स्टेशनवर गेले होते. त्या दिवसापुरती मामांना बदली द्यायला दुसरा फाटकवाला तयार होता, त्यांनी ती घेतली नाही. निरोप सकाळी खोलीतच घेतला म्हणाले. मी काहीतरी निमित्त काढून फाटकावर गेलो. फाटक लागलेलं, पलीकडं ट्रक आणि बैलगाड्या उभ्या. गाडी यायला दहा-बारा मिनिटं होती.

"पोरगं ठान्यात आलं व्हतं म्हनं," मामा रुळाकडं बघत म्हणाले. "माझ्याबद्दल काय बोललं का, सायेब?"

मी म्हणालो, "नाही. सही करून गेला."

त्यांनी मान हलवली. गाडीचा आवाज आला. ते नेहमीच्या जागी जाऊन उभे राहिले, एका हातात लाल झेंडा गुंडाळून धरलेला, दुसऱ्या हातात हिरवा सोडलेला. तिसऱ्या डब्याच्या दारात मुलगा गळ्यात हार घालून उभा होता. त्यानं हाक मारली नाही. यांनीही मारली नाही. शेवटचा डबा जाईपर्यंत मामांचा हिरव्या झेंड्याचा हात खाली आला नाही.