मामांच्या डोक्यावरचं पीक

माझ्या बायकोच्या मामांइतकी दुसऱ्यांच्या डोक्याची काळजी वाहणारा माणूस कुंभकोणातच काय, अख्ख्या कावेरीकाठी सापडणार नाही. त्यांची नोकरी आडुतुरैला भाताच्या वाणांची पाहणी करण्यात गेली. निवृत्तीनंतर भात सुटला, पाहणी सुटली नाही. समोरच्याच्या चेहऱ्याआधी त्यांची नजर त्याच्या टाळूवर जाते. लग्नानंतर मी पुण्याहून पहिल्यांदा पाया पडायला गेलो, तर आशीर्वादाचा हात त्यांनी माझ्या डोक्यावरून दोनदा फिरवला आणि आपल्या तंजावरी मराठीत म्हणाले, "इकडे पाणी कमी पडतें कीं, जांवई." मी तेव्हा तिशीत होतो आणि रोज सकाळी उशीवरचे केस मोजत होतो.

मामांचा सिद्धांत असा, की टक्कल सगळीकडे सारखंच पडतं, त्याचा घोर मात्र गावागणिक बदलतो. पुण्याचा माणूस केस मोजतो, मुंबईचा डॉक्टर गाठतो, चेन्नईचा टोप चढवतो आणि भर उन्हात घामाने निथळत बसतो. "आणि कुंभकोणचा?" मी विचारलं. "देवास देतो आणि मोकळा होतो. मोट्टै, मुंडण केलेल्यास कोण विचारतें, तुझे गेले कीं तूं दिलेस?" हे सांगणाऱ्या मामांच्या स्वतःच्या डोक्यावर मात्र सत्तरीतही केसांचं रान होतं. आधी खोबरेल, मग लाकडी फणी, मग आरशासमोर पाव तास. मामी म्हणायच्या, "हे प्राण देतील, केस देणार नाहींत."

मग बायको बाळंतपणाला कुंभकोणला गेली आणि सातव्या महिन्यातच तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टर धड काही बोलेनात. मामा एकटेच बस धरून तिरुक्करुगावूरला, गर्भ राखणाऱ्या देवीकडे गेले आणि कुणाला न सांगता केसांचा नवस बोलून आले. तोही एकदाचा नव्हे, दर वर्षीचा. मुलगी झाली, एवढीशी, पण खणखणीत रडणारी. बारशाला मामा आले ते गुळगुळीत डोक्याने. कारण मला मामींकडून कळलं. मी पुन्हा पाया पडलो. "परवाइल्लै, असूं दे," ते म्हणाले, "जमीन चांगली आहे. पीक परत येईल."

येतही होतं, पण गेली दोन-तीन वर्षं विरळ येऊ लागलं. यंदा मुलीच्या पाचव्या वाढदिवसाला आम्ही सगळे देवळाशी गेलो. न्हाव्याने मामांच्या डोक्याला पाणी लावलं, चार वेळा वस्तरा फिरवला आणि हात पुसले. मामा खाली पडलेल्या मूठभर पांढऱ्या केसांकडे बघत राहिले. मग हळूच मला म्हणाले, "देवीस फसविल्यासारखें होतें, जांवई. पुढल्या वर्षीं काय देऊं?"

मामा उठले त्या जागी मी जाऊन बसलो. इतकी वर्षं तेलं, औषधं चोळून राखलेले माझे केस दोन मिनिटांत त्यांच्या केसांवर येऊन पडले. मामांनी माझ्या टाळूवरून हात फिरवला, खालचा ढीग निरखून पाहिला आणि म्हणाले, "दोघांचें मिळून एक डोकें होतें कीं." मुलगी मध्ये उभी राहून दोन्ही डोकी थोपटत होती.

आता पुण्यात मी उशीवरचे केस मोजत नाही. आरशात मात्र रोज बघतो, नवे कितपत आले ते. पुढच्या वर्षी मामांना कमी पडायला नको.