व्ही की डब्ल्यू

भीमराज सरांचा मला भयंकर राग यायचा. माणूस चांगला. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका गाळ्यात प्रोग्रामिंग शिकवायचे. पण कोणाचं अडलं की शेजारी येऊन नुसते उभे राहायचे. "वाचा," म्हणायचे. अहो, चूक दिसतेय ना तुम्हाला? मग सांगून मोकळे व्हा की! छे. कीबोर्डला बोट लावतील तर शपथ.

आमच्या ह्यांची कंपनी बंद पडली, म्हणून चव्वेचाळिसाव्या वर्षी मी तिथे पोराटोरांत बसले होते. माझ्या वयाच्या बाईला घ्यायला एकच ऑफिस तयार होतं. अट एवढीच, की एका तासात, कोणाच्या मदतीशिवाय, प्रोग्राम चालला पाहिजे.

ही परीक्षा सरांच्याच क्लासात झाली. आलं ते असं: बाळाचं वय आणि वजन घ्यायचं, वजन कमी असेल तर सांगायचं. सोप्पं! लिहिलं, चालवलं, आणि स्क्रीनवर चूक दाखवणारी लाल ओळ. इथे खोड, तिथे घाल, करत एका लाल ओळीच्या तीन झाल्या. सगळं पूर्ववत केलं तेव्हा वीस मिनिटं उरली होती. घरी काय सांगू?

सर आले. "वाचा."

"वाचलं."

"नाही वाचलंत. लाल दिसलं की तुम्ही नजर वळवता."

"इंग्लिश आहे ना ते, सर," मी पुटपुटले. "बाजूला ओजस बसलाय, कॉन्व्हेंटचा. हसेल."

"मी मानखुर्दच्या म्युनिसिपालटीच्या शाळेतला. हसू दे त्याला. मोठ्याने वाचा."

वाचलं. 'वजन इज नॉट डिफाइन्ड.' म्हणजे वजन माहीतच नाही? मेल्या, वर लिहिलंय ना! वर वजन, खाली वजन. दहा वेळा वाचलं, दहाही वेळा वजनच. रडू फुटायच्या बेताला आलं. शेवटी स्क्रीनवर बोट ठेवून एकेक इंग्रजी अक्षर लावत गेले. वर व्ही. खाली डब्ल्यू. अगं बाई! आपल्या तोंडी दोन्ही 'व'च की! चार मिनिटं असताना प्रोग्राम चालला.

सर खोलीत नव्हते. बाहेर पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभे होते, शर्ट घामाने भिजलेला.

"तुम्हाला आधीच दिसलं होतं ना?"

"बघताक्षणी."

"मग जीव घेणार होतात का माझा?"

ते हसले नाहीत. "शिकताना माझी प्रत्येक चूक एक मित्र दाखवून द्यायचा. पहिल्या नोकरीत लाल ओळ आली, तेव्हा तो नव्हता. डबा टेबलावर तसाच टाकून पळालो, ताई. परत गेलोच नाही."

सोमवारपासून मी त्या ऑफिसात जाणार होते, आणि तिथे सर नसणार होते.