चिंचोक्याच्या खळीची टोपी

मोटार तयार झाली आणि मग डोक्याची पंचाईत सुरू झाली.

मोटार म्हणजे लोकांनी भंगारात टाकलेली. मी तेव्हा सोलापुरात गिरणीत फिटर होतो. शाळा तिसऱ्या बुकापर्यंत, तीही मास्तरांनी कान धरून ओढत नेलं म्हणून. पण लोखंड मला वाचता यायचं. दोन वर्षं रोज गिरणी सुटली की मी त्या मोटारीपुढं बसायचो, चार ठिकाणचे चार भाग जमवले, आणि एके सकाळी ती सुरू झाली तेव्हा गल्लीतल्या कोंबड्यांनी तीन दिवस अंडी घातली नाहीत. तिला टप नव्हता, दारं नव्हती, भोंगा मात्र होता. बायकोचं म्हणणं, हिच्यापरास बैलगाडी बरी, बैलाला थांब म्हटलं की तो थांबतो तरी.

त्याच साली गावातल्या हौशी मोटारवाल्यांनी शर्यत ठरवली. गावाबाहेरच्या माळावर चुन्याची मोठी गोल रेघ मारायची आणि तिच्या बाहेरून पाच फेरे घ्यायचे. पगारी ड्रायव्हर चालणार नाही, ज्याची मोटार त्यानंच हाकायची. मला वाटलं, ही शर्यत माझ्यासाठीच काढलेली आहे. नाव द्यायला गेलो तर तिथं एक पेन्शनर ओव्हरसियर पगडी घालून बसलेले. त्यांनी नियम वाचून दाखवला : डोक्यावर टणक टोपी पाहिजे. शर्यतीच्या सकाळी ते स्वतः तपासणार. टोपी नापास झाली तर मोटार माळाबाहेर.

"माझ्या डोक्याला पटका हाय," मी म्हणालो.

"पटका मऊ असतो."

"डोकं टणक हाय की, रावसाहेब."

त्यांनी टाक खाली ठेवला. "डोकंच तपासायचं असतं तर माझं काम सोपं होतं," ते म्हणाले.

शर्यतीत एका कापूस-दलालाचा मुलगाही होता. त्याच्याकडं मुंबईहून आणलेली कातड्याची टोपी. आतून बुचाचं अस्तर, कानांवर झापडं, हनुवटीखाली बक्कल. त्यानं मला तिकाटण्यावरच्या हॉटेलात चार लोकांत सल्ला दिला, की साहेबाची एखादी जुनी हॅट मिळाली तर बघा. आता त्या दिवसांत आमच्या गावात पांढरी टोपी घातली म्हणून माणसं धरून नेल्याला फार काळ लोटला नव्हता. डोक्यावर काय आहे त्यावरनं माणूस कुणाचा ते ठरायचं. मी हातातला कप बशीवर ठेवला आणि सगळ्यांदेखत बोलून बसलो : शर्यत पळणार, आणि साहेबाची टोपी न घालता पळणार. एकदा बोललो म्हणजे बोललो. नंतर पस्तावायची सवय मला लहानपणापासून नाही.

शर्यतीला आठ दिवस राहिले होते.

आधी घरातलं पितळी तपेलं घालून पाहिलं. कानापर्यंत नीट बसलं. पण अर्धा तास उन्हात उभा राहिलो तर डोक्यात डाळ शिजायला लागली. शिवाय बायकोनं विचारलं, तुम्ही पळायला गेल्यावर आमटी कशात करू. मग भोपळा आणला. आमच्याकडं तळ्यात पोहायला शिकताना पाठीला वाळका भोपळा बांधतात, तो. मधोमध कापला, डोक्यावर ठेवला आणि पारख करायची म्हणून दाराच्या चौकटीवर डोकं आपटलं. चौकटीला काही झालं नाही.

कपाळाला हळद लावून ओट्यावर बसलो होतो तेव्हा शेजारचा मागवाला आला. माणूस तेलुगू बोलणारा, पण माझ्याशी मराठीत बोलायचा. हातमागावर लुगडी विणायचा आणि सुताला खळ लावण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यानं भोपळ्याची भकलं बघितली आणि मान हलवली.

"अण्णा, कापड घ्या आन चिंचोक्याची खळ घ्या. सोळा पदर चढवा. वाळलं की खिळा ठोकला तर खिळा वाकतो."

मला हे एकदम पटलं. कापड आमचं, चिंचोके आमचे, साहेबाचा संबंध नाही. चिंचोके भाजून, दळून, शिजवून घट्ट खळ करायची, जुन्या धोतराच्या पट्ट्या तिच्यात बुडवायच्या आणि पालथ्या मडक्यावर एकावर एक चढवायच्या. बायको दर उन्हाळ्यात कागदाच्या लगद्याच्या टोपल्या अशाच करायची. ती आतून म्हणाली, "मडक्याला आदी राख फासा. न्हाईतर सुटत न्हाय."

मी म्हणालो, टोपली करण्यात आणि टोपी करण्यात फरक असतो. आणि मडकं कशाला पाहिजे? मडकं सगळीकडनं गोल. माझ्या डोक्याला मागं एक टेंगूळ आहे, लहानपणी लिंबावरनं पडलो तेव्हापासनं. शाफ्टावर बूशचं कडं बसवायचं तर माप शाफ्टाचंच घेतात, शेजारच्या मडक्याचं नाही. गिरणीत पंधरा वर्षं हेच करत होतो. मागवाल्यानं बायकोकडं पाहिलं, बायकोनं आभाळाकडं पाहिलं.

शर्यत सोमवारी, सणाच्या सुट्टीला होती. आदल्या दिवशी, रविवारी सकाळी मी माळवदावर पाटावर बसलो आणि मागवाल्यानं माझ्या डोक्यावर सोळा पदर चढवले. केस चांगले चार बोटं वाढलेले. खळ कोमट होती, बरं वाटत होतं. चैत्राचं सोलापुरी ऊन, त्याला दुसरी भट्टी लागत नाही. दुपारपर्यंत मी हललो नाही. मग बोटानं टिचकी मारली तर नारळासारखा आवाज आला. मागवाला खूश, मी त्याहून खूश.

"काढा आता," तो म्हणाला.

निघेना. मी ओढली, त्यानं ओढली, शेवटी त्यानं माझ्या खांद्याला पाय लावून ओढली, तेव्हा टोपीबरोबर माझ्या भुवयाही वर गेल्या. खळ पदरांतनं झिरपून केसांत उतरली होती आणि सोळा पदर आणि मी असे सतरा पदर एकजीव वाळले होते. बायको जिन्यात कंबरेवर हात ठेवून उभी. ती एकच शब्द बोलली.

"राख."

मागवाला म्हणाला, गरम पाण्यात डोकं बुडवा, खळ सुटेल. खळ सुटेल हे खरं. पण मग टोपी जाणार, दुसरी वाळायला दिवस उरला नव्हता, आणि दोन वर्षांची मोटार माळाबाहेर. मी म्हणालो, "काढायची कशाला? उद्या घालायचीच हाय."

उरलेला दिवस मी ताठ मानेनं काढला. तसाही दुसरा इलाज नव्हता. खाज सुटली की सायकलच्या चाकाची तार कडेनं आत घालून खाजवायचो. मुंग्यांना बातमी लागली, त्यांच्यासाठी बाजेचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले. पण शेळीला काय करणार? खालच्या घरातली शेळी चिंचोक्याच्या वासानं माझ्यामागं लागली. मी हॉटेलात गेलो, ती आली. मी बाकड्यावर बसलो, तिनं मागनं येऊन टोपी चाटली. लोकांनी विचारलं तर मी सांगितलं, टोपी अस्सल आहे हे जनावराला कळतं.

सकाळी माळावर गर्दी. ओव्हरसियर एकेक टोपी हातात घेत होते, अंगठ्यानं दाबत होते, आतनं बघत होते. दलालाच्या मुलाची झाली, पास. मग माझ्यापुढं आले.

"काढा."

"कशाला?"

"आतून बघायची आहे."

मागं बायकांच्या घोळक्यात माझी बायको उभी होती. तिनं पदराचा बोळा तोंडात धरलेला. मागवाला बुटांकडं बघत होता, आणि त्याच्या पायांत बूट नव्हते. मी जे आमच्या बापानं मला शिकवलं तेच बोललो.

"रावसाहेब, आमच्यात चारचौघांत डोकं उघडं करत न्हाईत. घरात कुणी गेलं तरच करत्यात. शर्यतीला निघाल्यावर कसं करू?"

यात एक अक्षर खोटं नव्हतं. त्यांनी नकळत स्वतःच्या पगडीला हात लावला. ती त्यांनीही त्या उन्हात उतरवली नव्हती. "मग बाहेरूनच तपासतो," म्हणाले, आणि खुंट्या ठोकायची लाकडी मोगरी उचलून त्यांनी माझ्या डोक्यात घातली. रिकाम्या पिंपासारखा आवाज झाला. माझे दात एकमेकांवर बसले. त्यांनी पुन्हा एकदा घातली, मला वाटतं स्वतःच्या समाधानासाठी.

"पास."

पहिले दोन फेरे मी दलालाच्या मुलाच्या पुढं होतो, हे त्याला आजही विचारा. तिसऱ्या फेऱ्यात घाम सुटला. खळीला ओल लागली की ती पुन्हा खळ होते, हे मागवाल्याला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, पण आम्ही दोघांनीही घामाचा विचार केला नव्हता. कपाळावरनं चिकट धार उतरली आणि डाव्या डोळ्यात शिरली. वारा लागून ती तिथंच वाळली. डोळा मिटला तो मिटलाच. चौथा फेरा मी एका डोळ्यानं हाकला. चुन्याची रेघ डावीकडं वळली. ती मला दिसली नाही, म्हणून मी आणि मोटार सरळ गेलो.

पुढं कडब्याची गंज होती. मोटार तिच्यात शिरून थांबली, मी नाही थांबलो. गंजीमागं एक बैलगाडी सोडलेली होती, तिच्या लाकडी साट्यावर माझं डोकं गेलं. कडाड असा आवाज सगळ्या माळानं ऐकला.

उठून बसलो तर टोपीची दोन भकलं दोन बाजूला पडलेली, प्रत्येकात माझे मूठभर केस. पहिल्यांदा ओव्हरसियर पोचले. त्यांनी भकलं पाहिली, माझ्या डोक्यावर अंगठा दाबून पाहिला, आणि म्हणाले, "चला, दोन्ही टणक होती."

मग बायको आली. लोक बघत होते तरी तिनं माझं डोकं दोन्ही हातांनी सगळीकडनं चाचपलं, मागच्या टेंगळावर हात थांबला, ते जुनंच आहे ना याची खात्री केली. मला वाटलं आता ती तो शब्द पुन्हा काढणार. पण तिनं दोन्ही भकलं उचलून पदरात घेतली आणि म्हणाली, "अवो, घरी चला. आंघोळीला पाणी लई लागंल."

शर्यत पळालो का? पळालो. साहेबाची टोपी घातली का? नाही. हॉटेलात बोललो होतो ते एवढंच.

पुढल्या साली टोपी तिनं केली. दोरीनं माझ्या डोक्याचं माप घेतलं, टेंगळाच्या जागी दोरीला गाठ मारली, आणि मडक्याला तेवढ्याच जागी ओल्या मातीचा गोळा चिकटवला. हे माझं टेंगळाचं म्हणणं खरं असल्याशिवाय तिनं केलं असतं का? चुलीतली राख मात्र मी स्वतः सुपात भरून नेऊन दिली, तिनं न मागता. त्या टोपीला फडक्याचं अस्तर होतं आणि ती टोपीसारखी निघायची.

ती बघून दलालाचा मुलगा आमच्या ओट्यावर आला. त्याच्या कातड्याच्या टोपीला उंदरांनी खाल्लं होतं. कशी करतात म्हणून विचारू लागला. मी त्याला बसवलं, चहा सांगितला आणि सगळं नीट समजावून दिलं : डोक्यावर कधीच करायची नाही, मडक्यावर करायची, आणि मडक्याला आधी राख फासायची, नाहीतर सुटत नाही. हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं, असंही सांगितलं.

आत चुलीपुढं बायकोला खोकला आला.