सिस्टरना दिलेली लेन्स

कॅमेरे भाड्याने देणाऱ्या त्या दुकानात तो एकोणीस वर्षं काउंटरवर होता. सफारीला निघालेल्यांची बॅग त्यानेच भरून द्यायची, असा पायंडाच पडला होता. बॅटऱ्या किती घ्यायच्या, धुळीसाठी कापड कुठलं, जीपच्या दांड्यावर लेन्स टेकवायची उशी कशी भरायची, सगळं तोंडपाठ. लोक त्याला जंगलमास्तर म्हणत. मास्तरांनी जंगलात कधी पाऊलही टाकलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी. एका गिऱ्हाइकाने परत येऊन सांगितलेलं तो पुढच्याला स्वतःचं म्हणून ऐकवी.

एकदा निवृत्त नर्सबाई आल्या. धाकट्या बहिणीबरोबर पहिल्यांदाच हत्ती बघायला निघालेल्या. त्यांच्यासाठी त्याने हलकी झूम लेन्स बाजूला काढून ठेवली. नेमके दुसऱ्या दिवशी फोटो क्लबचे अध्यक्ष आले आणि "जोडीला असू दे" म्हणून तीच मागू लागले. बडं गिऱ्हाईक. त्याला नाही म्हणवेना. बाईंना त्याने जुनी, तान्ह्या पोराच्या वजनाची लांबलचक लेन्स बांधून दिली.

"एवढी मोठी? मला पेलेल का हो?"

"सिस्टर, जंगलात लहान लेन्स काय कामाची? मी स्वतः हीच नेतो."

पंधरा दिवसांनी त्या लेन्स परत घेऊन आल्या. पुसून, जुन्या टॉवेलात नीट गुंडाळून. तोंड मात्र उतरलेलं.

"दादा, रागावू नका. तुम्ही एवढं समजावलंत, पण मला मेलीला काही जमलं नाही."

त्यांनी फोटो दाखवले. हत्तीण पिल्लाला घेऊन जीपला अगदी खेटून उभी राहिली होती. फोटोत नुसता राखाडी धूर. एका फोटोत कानाची कड, तीही हललेली. इतक्या जवळचं त्या लेन्सला दिसतच नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"बहीण म्हणाली, तुझे हातच थरथरतात. असेल बाई. तुम्ही इतक्या जवळून काढता तेव्हा कसं धरता?"

त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. थाप तोंडाशी आली होती, पण त्या डोळे मोठे करून शिकायला उभ्या होत्या.

"सिस्टर, मी जंगलात कधी गेलोच नाही," तो काउंटरकडे बघत म्हणाला. "तुमचे हात चांगले आहेत. तुमची लेन्स मी दुसऱ्याला दिली."

बाईंनी लेन्सवरचा टॉवेल काढून घेतला.

"पुन्हा जा," तो घाईघाईने म्हणाला. "सगळं सामान माझ्याकडून."

"पुन्हा कुठलं? बहिणीचे गुडघे आताच जेमतेम निभावले." त्यांनी टॉवेलाची घडी घातली. "वॉर्डात औषध नसलं, तर नाही म्हणून सांगायचो आम्ही. भलतंच टोचत नव्हतो."

त्या गेल्या. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवशी डबा तसाच घरी गेला. बायकोने विचारलं, तर पोट बिघडलंय म्हणाला. आणि तेही खोटंच, हे लक्षात येऊन आणखी शरमला.

दुसऱ्या सकाळी एक जोडपं आलं.

"तुम्ही जाता ना नेहमी? काय नेऊ, सांगा."

"मी कधीच गेलेलो नाही," तो म्हणाला. "लेन्स आधी हातात धरून बघा. लांबच्या त्या झाडावर लावा, मग इथे जवळ माझ्या तोंडावर."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि विचार करून येतो म्हणून निघून गेले. आतून मालक ओरडला, "काय रे, डोकं ठिकाणावर आहे ना?"

त्याने काउंटरवर काढलेली लेन्स पुसली आणि पुढच्या गिऱ्हाइकासाठी तिथेच ठेवली.