व्हिएन्नाच्या खुंटीवरचा कोट

पहिलेच सांगून ठेवतो, हा किस्सा आमच्या बायकोसमोर, सुलभासमोर, काढू नका. ती सांगते तेव्हा मी त्यात अजूनच येडा दिसतो.

झालं काय, किरनापूरचा माझा साळा विनोद ह्या डिसेंबरात बायकोले घेऊन युरोपात चालला. आला माझ्याकडं. म्हणे, "भाऊजी, तुम्ही तं जाऊन आलात. थंडीत तिकडं काय घालाचं, काय न्याचं, जरा टिप्स द्या नं."

मी म्हणलं, लेका, एकच टिप देतो. कोट अंगावर घालून जाय. अन् तो कोट तुझाच असला पाहिजे!

आता तुम्हीही ऐका.

माझं बालाघाटले कूलर-पंखे दुरुस्तीचं दुकान. उन्हाळ्यात पाणी प्यायले फुरसत नसते अन् थंडीत दुकानात कुत्रं फिरकत नाही. म्हणून आमच्या पोरीनं, प्राचीनं, आमची तिकिटं काढली ती थंडीचीच. ती व्हिएन्नाले नोकरीवर आहे. निघायच्या आधी रोज फोनवर शिकवणी. "बाबा, जाड कोट बॅगेत टाकू नका, अंगावर घाला. कधी कधी बॅग मागं राह्यते. फोन आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी पटकन उतरते."

सुलभानं गुमान कोट घातला. मी? नागपूरच्या विमानतळावर थंडीतही चटका लावणारं दुपारचं ऊन, अन् त्यात तो गोधडीसारखा कोट! लोक म्हणतीन, हा माणूस विमानात बसून राह्यला का हिमालय चढून राह्यला? कोंबला मोठ्या बॅगेत.

बॅगेचं विचारूच नका. आम्ही व्हिएन्नाले, बॅग भलत्याच देशात! काउंटरवरची बाई गोड हसून म्हणे, उद्या घरपोच येईन. बाहेर पाण्याचा बर्फ होऊन राह्यला अन् माझ्या अंगावर काय? सुलभानं विणलेला मरून हाफ स्वेटर. माझे दात असे वाजू लागले, का प्राची पाया पडायच्या आधी माझ्या दातांकडंच पाहत राह्यली. तिनं आपलं जाकीट दिलं, तं त्यात माझा एक हातच गेला.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसले निघाली. "बाबा, बॅग येतपर्यंत घरातच बसा. प्लीज."

बसा! मले? अवो, मी दुकानातही उभ्यानं डबा खातो! घर एकदम चूप. खिडक्यांले डबल काचा, रस्त्यावरचा आवाज आत येत नाही. काहीतरी दुरुस्त करावं म्हणून वर पाह्यलं, तं अख्ख्या घरात एक पंखा नाही. माणसानं हात लावावा तं कशाले? नळ टपकते का पाह्यलं. तोही टपकत नाही! फ्रिज उघडला, बंद केला, पुन्हा उघडला.

"आता त्या फ्रिजले सर्दी होईन," सुलभा म्हणे.

"चल, चौकापर्यंत जाऊन येऊ."

"प्राची काय म्हणाली?"

"बॅगेसाठीच बसा म्हणाली नं. ती आली का दारावर चिठ्ठी लावून जाईन कोणी. चल नं वं!"

निघालो. थंडी कशी होती म्हणता? नाक आहे का गेलं, हे हात लावून पाहावं लागे. अन् हातालेच नाक समजत नव्हतं! थांबलं का गारठा चढे, म्हणून मी अजूनच भराभर चालू लागलो.

तेवढ्यात एका कुंपणाच्या टोकावर लोकरीचा हातमोजा लटकवलेला दिसला. पुढच्या फाटकावर एक टोपी. मी तिथंच थबकलो.

"सुलभा, पाह्य! यांच्याकडंही नेकी की दीवार आहे!"

आमच्या वार्डात आम्ही दुकानदारांनी अशी एक भिंत केली आहे. तिच्यावर खुंट्या ठोकल्या. ज्याच्याजवळ कपडे जास्त, त्यानं टांगून जायचं. ज्याले गरज, त्यानं कोणाले न विचारता न्यायचं. विचारायचं नाही, हा त्यातला मोठेपणा. खुंट्या मीच ठोकल्या, म्हणून ह्या विषयात माझा शब्द शेवटचा.

"कोणाचा पडला असन मोजा. दिसावा म्हणून वर ठेवला असन," सुलभा म्हणाली.

"एवढी साधी माणसं कुठं राह्यली वं आता?" मी म्हणलं.

चालता चालता सुलभाले बाथरूमले जायचं झालं. समोर एक जुनं कॉफीचं हॉटेल होतं. ती आत गेली, मी दोन दारांच्या मधल्या बोळीत उभा राह्यलो. आत जाऊन बसलं तं काहीतरी मागवावं लागन, अन् बसणं तं आपल्याच्यानं होत नाही.

अन् तिथं काय होतं, सांगा? भिंत. भिंतीवर खुंट्या. खुंट्यांवर ओळीनं कोट! एकापेक्षा एक. राखणदार नाही, कोणी विचारणारं नाही. वर एक पाटी, जर्मनमध्ये. फोननं वाचून घ्यावी म्हणलं, तं फोन केव्हाचाच थंडीनं मेला होता. पण पाटी वाचायची गरज काय? अशा भिंतीवर अजून काय लिहितेत!

खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. किती पुढारलेले लोक! मी एक काळा, लांब, जाडजूड कोट चढवला. अंगात उन्हाळा आला हो! मंग वाटलं, आपण फुकट काहून न्यावं? हाफ स्वेटर काढला, झटकला, नीट त्याच खुंटीवर टांगला.

सुलभा बाहेर आली अन् उभीच राह्यली.

"हा कोट कोणाचा वो?"

"दीवारचा."

"तिथंच ठेवा तो!"

"दान घेऊन वापस केलं तं देणाऱ्याले वाईट वाटते. मले ह्यातलं समजते का तुले?"

तिनं खुंटीकडं पाह्यलं. "अन् माझा स्वेटर टांगला? महिनाभर डोळे फोडून विणलेला?"

"कोणाच्या तरी कामी येईन."

ती रागानं दोन पावलं मागंच चालू लागली. मी मात्र रंगात! नाताळचा बाजार भरलेला, लाकडाच्या टपऱ्या, भाजलेल्या चेस्टनटचा वास, घोडागाड्या. खिशात हात घातला तं चामड्याचे हातमोजे. "पाह्य, यानं मोजेही दिले!" दुसऱ्या खिशात पेपरमिंटच्या गोळ्या. एक मी खाल्ली, एक तिले दिली. मंग हाताले किल्ल्यांचा जुडगा लागला.

सुलभानं गोळी तोंडातच थांबवली. "किल्ल्या कोण दान करते वो?"

मी विचार करून राह्यलो होतो, तेवढ्यात माझी छाती थरथरू लागली. आतल्या खिशात फोन! उचलला. पलीकडून एक माणूस जर्मनमध्ये भडाभडा बोलू लागला. मी म्हणलं, देणाऱ्याचाच फोन दिसते, आभार मानून घेऊ.

"सर, आय ॲम फ्रॉम इंडिया! कोट व्हेरी गुड! थोडा लूज, बट व्हेरी वार्म! थँक्यू!"

आता पलीकडून सावकाश इंग्लिश आलं. "तुम्ही माझा कोट घालून आहात?"

"येस, येस! गोळी पण खाल्ली!"

"मी आत कॉफी पीत होतो. हॉटेलच्या फोनवरून बोलतो आहे," तो माणूस म्हणे. "माझ्या घराच्या किल्ल्या त्यात आहेत."

तुम्हाले काय सांगू! त्या गावात मले पहिल्यांदा घाम फुटला.

"चोरी केली तुम्ही!" सुलभा ओरडली. "भर बाजारात कोट चोरून हिंडून राह्यले! पोलीस पोरीच्या दारात येतीन. तिचा व्हिसा जाईन तुमच्यापायी!"

मी फोनमध्ये हात जोडले. हौ, फोनमध्येच. "सॉरी सर! आय कमिंग!" पण कुठं कमिंग? हॉटेलचं नाव पाह्यलं होतं कोणी? सगळ्या गल्ल्या सारख्या.

"काय दिसतं समोर?" त्यानं विचारलं.

"चर्च."

"कोणतं? इथं खूप आहेत."

"मोठं! आता नाही दिसत. आता बँक आहे. आता चॉकलेटचं दुकान. आता पुतळा, घोड्यावरचा."

"तुम्ही चालताय का?"

काय करू? घाबरलो का माझे पाय जास्तच चालतेत!

"स्टॉप वॉकिंग!" तो इतक्या जोरानं ओरडला, का बाजूचा चेस्टनटवाला दचकला. सुलभानं मागून कॉलर धरली, मले पुतळ्याच्या चबुतऱ्याले टेकवलं अन् स्वतः पुढं उभी राह्यली. "आता हलले तं पाहा!"

थोड्या वेळानं गर्दीतून एक उंच, पांढऱ्या मिशांचे आजोबा येताना दिसले. थंडीनं लाल झालेले. अन् अंगात काय? माझा मरून हाफ स्वेटर! माझा तो स्वेटर त्यांच्या बेंबीच्या वरच संपला होता. खुंटीवर दुसरं काही नव्हतंच नं बिचाऱ्याले.

मी कोट काढून त्यांच्या हातात दिला, किल्ल्या मोजून दिल्या, गोळ्यांची माफी मागितली. सुलभाले प्राचीचा नंबर पाठ होता. आजोबांच्या फोनवरून तिले लावला. तिनं पहिले आमचं ऐकलं, मंग त्यांले जर्मनमध्ये काय काय सांगितलं. आजोबा ऐकत राह्यले, मिशा हलू लागल्या, अन् मंग असे हसले, असे हसले, का डोळे पुसायले त्यांले माझ्याच स्वेटरची किनार ओढावी लागली.

फोन माझ्याकडं आला. "बाबा," प्राची म्हणे, "त्या पाटीवर लिहिलेलं असते, कपडे हरवले तं आम्ही जबाबदार नाही."

"हे इंग्लिशमध्ये लिहायले काय झालं होतं त्यांले?"

"बाबा, फोन आईले द्या."

आजोबांनी स्वेटर काढून दिला, विणकाम फार सुंदर आहे म्हणून सुलभाले हातानं सांगितलं, अन् आम्हा दोघांले धरून त्याच हॉटेलात कॉफी पाजायले नेलं. कोट नीट खुंटीवर टांगला, अन् आत जाऊन त्यांनी खुर्चीवर बसायच्या आधीच सगळ्यांले आमची गोष्ट सांगून टाकली. लोक वळून वळून पाहू लागले, हसू लागले, कोणी टाळ्या वाजवल्या. मीही हात हलवला. काय करता? म्हणलं, चला, पोलीस नाही आले, उलट मान मिळाला. पहिल्यांदाच मी एका जागी आरामात बसलो.

तेवढ्यात एक बाई उठली, बोळीत गेली अन् आपला कोट घेऊन वापस आली. मंग एक जोडपं गेलं. मंग कोपऱ्यातले दोघं. मले वाटलं, चालले घरी. पण कोणी घरी नाही गेलं.

आमची कॉफी येतपर्यंत बाहेरच्या सगळ्या खुंट्या रिकाम्या झाल्या होत्या, अन् अख्खं हॉटेल आपापला कोट मांडीवर घेऊन बसलं होतं. आजोबासुद्धा!