तांबड्या काचेवरचा काळा पडदा

बी. ए. झाल्याचा फोटो काढायला मी आईबरोबर सदर भागातल्या स्टुडिओत गेले, तेव्हा तिथले छायाचित्रकार भाऊसाहेब यांची पहिली ओळख झाली. आमच्या विणकरांच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. त्यामुळे फोटोत आईही हवीच होती. तिला खुर्चीवर बसवून भाऊसाहेब कॅमेऱ्यावरच्या काळ्या कापडाखाली डोके घालून बराच वेळ काहीतरी पाहत राहिले. काय पाहतात ते मला कळेना, म्हणून मी विचारले. त्यांनी कापड उचलून मला आत पाहू दिले. कॅमेऱ्याच्या काचेवर माझी आई खुर्चीसकट उलटी लटकली होती.

“आई, तू उलटी दिसून राहिली!”

“मले काहून उलटी केली वं?” आईने घाईघाईने पदर सावरला.

त्यानंतर मी इतके प्रश्न विचारले की भाऊसाहेब म्हणाले, “फोटो काढायला आलीस की माझी परीक्षा घ्यायला?” आणि आम्ही निघताना म्हणाले, “उत्तरे हवी असतील तर काम शिकायला ये.”

फोटो धुण्याचे काम अंधाऱ्या खोलीत चालते. तिथे आपली मुलगी दार लावून बसणार, हे बाबांना पटेना. भाऊसाहेबांनी वाद घातला नाही. त्यांनी सुतार बोलावून दाराचा वरचा भाग कापून घेतला आणि तिथे तांबडी काच बसवली. स्टुडिओत ज्यांवर फोटो उमटतो त्या काचेच्या प्लेटींना तांबडा उजेड बाधत नाही. बाहेर स्टुलावर वाती वळत आई बसे आणि मधून मधून काचेतून डोकावे. “ही काच कधी झाकली जाणार नाही,” असा शब्द भाऊसाहेबांनी बाबांना दिला होता.

पुढे नैरोबीला रेल्वेत असलेल्या मेहुण्यांच्या आग्रहावरून भाऊसाहेब आफ्रिकेला गेले. जन्मभर माणसांचे चेहरे टिपलेले गृहस्थ सिंह आणि जिराफ टिपायला निघाले, याचे गावाला नवल वाटले. मला वाटले नाही. लहान मुलाचा फोटो काढताना त्यांनी कधी खुळखुळा वाजवला नाही. मूल आपण होऊन पाहीपर्यंत ते थांबत. जिराफापुढेही ते तसेच थांबले असणार.

चैत्र संपता संपता ते परतले आणि माझे प्रश्न पुन्हा सुरू झाले.

“सिंहाची भीती नाही वाटली?”

“सिंह झोपला होता. जागा मी होतो. भीती त्याला वाटायला हवी होती.”

“आणि तिथून पुढे वाळवंटात गेलात, तिथे काय होते पाहायला?”

“काहीच नसले म्हणजे काय दिसते, तेच पाहायचे होते.”

पण खरी अडचण पुढेच होती. आफ्रिकेत त्यांनी वापरलेल्या नव्या फिल्मला तांबडा उजेडही चालत नव्हता. काच झाकून पूर्ण अंधार केल्याशिवाय ती धुता येणार नव्हती. आमच्या उन्हाळ्यात धुण्याचे द्रावण इतके तापते की फिल्मवरचा चित्र धरणारा थर सुटून येतो. म्हणून एकाने फिल्म हाताळायची आणि दुसऱ्याने बर्फ घालत पाणी थंड ठेवायचे, असे दोघांचे ते काम. दिवसागणिक ऊन चढत होते. थांबावे तर सगळा प्रवास वाया जाण्याची भीती.

शेजारच्या दुकानातले एक स्नेही म्हणाले, “एखादा पोऱ्या घ्या मदतीला, पोरीला राहू द्या बाहेर.”

“शिकली ती,” भाऊसाहेब म्हणाले, “आणि कामाच्या दिवशी तीच बाहेर?”

त्याच दुपारी भर उन्हात ते आमच्या घरी आले. बाबा मागावर होते.

“लक्ष्मणराव, काच झाकावी लागते आहे. नाही झाकली तर माझी आफ्रिका जाते. न विचारता झाकली तर माझा शब्द जातो.”

बाबांचा धोटा थांबला. “मंग दुसरा मानूस घ्या ना, साहेब.”

“माणूस मिळेल. पण मग हिला हे काम येते, असे उद्या कोण म्हणेल?”

बाबांनी धोटा बाजूला ठेवला. मी दारातच उभी होते. “अन् मी अंदर उभा राहिलो तं चालते?”

“चालेल. पण विडी नाही ओढायची.”

दुसऱ्या दिवशी बाबा घरचे जाड काळे कापड घेऊन आले आणि त्यांनी स्वतःच्या हातांनी ते काचेवर लावले. आत काही दिसत नव्हते. फक्त बर्फाचा आणि पाण्याचा आवाज येत होता. थोड्या वेळाने कोपऱ्यातून बाबा म्हणाले, “साहेब, काही बोलत राहा ना.” मग भाऊसाहेब हात न थांबवता वाळवंटाविषयी सांगत राहिले. सावलीसाठी एकाच काटेरी झाडाखाली दाटीने उभी राहिलेली हरणे, वारा पडल्यावर स्वतःच्या श्वासाचाही मोठा वाटणारा आवाज, हे सगळे मी त्या अंधारात प्रथम पाहिले.

हत्तींच्या एका फिल्मचा थर उष्णतेने सुटलाच. “हत्ती परत गेले,” एवढेच भाऊसाहेब म्हणाले. बाकीच्या साऱ्या फिल्म वाचल्या. उजेडात आल्यावर त्यांनी एक ओली फिल्म बाबांपुढे धरली. वाळूवर दूरवर बारीक, सारख्या रेघा उमटल्या होत्या.

“हे कोनं विनलं?”

“वाऱ्याने.”

बाबा वाकून पाहतच राहिले. “गाठ नाई दिसत कुठी.”

पुढच्या सकाळी आई नेहमीप्रमाणे वातींचा डबा घेऊन माझ्याबरोबर निघाली. बाबा म्हणाले, “आज तू नको जाऊ वं. पोरगी कामाले जाऊन राहिली.” त्या एका वाक्यासाठी मी भाऊसाहेबांची जन्माची ऋणी आहे. ज्यांना ते वाक्य अजून ऐकायला मिळालेले नाही, अशा माझ्या मैत्रिणी पुष्कळ आहेत, हे मी विसरलेले नाही.

आज भाऊसाहेब साठ वर्षांचे होत आहेत. त्यांची प्रकृती ठणठणीत राहो, नजर अशीच तीक्ष्ण राहो आणि न पाहिलेल्या मुलखांची त्यांची ओढ कधी न सरो. बर्फ फोडायला मी आहेच. काचेवरचे ते कापड आता विरले आहे, म्हणून या दिवसासाठी बाबांनी नवे विणले आहे. इतके घट्ट कशाला, असे मी विचारले तर म्हणाले, “टिकाले पाहिजे. साहेबाले अजून लई फिराचं हाय.”